जर्मन बादशाही पदकांची पारख

गेल्या दिवाळींत आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या पणजोबांची पत्र्याची पेटी घेऊन आमच्या घरीं आला. पणजोबा पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींतून मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेले होते. पेटींत एक काळा क्रूस होता. तो प्रत्यक्ष कैसरनें पणजोबांस शौर्याबद्दल दिला, अशी त्या घराची जुनी समजूत. एक व्यापारी चांगली किंमत देऊं करीत होता. "गुरुजी, हा खरा आहे काय?" एवढाच त्याचा प्रश्न. त्या निमित्तानें आम्हांस जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा लोहक्रूस प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यानें नेपोलियनविरुद्धच्या लढ्यांत, मार्च १८१३ मध्यें स्थापिला. पुढें १८७० व १९१४ सालीं त्याचें पुनरुज्जीवन झालें. १९१४ च्या क्रूसावर एका बाजूस मध्यभागीं कैसर विल्यमचें 'डब्ल्यू' हें आद्याक्षर, वर मुकुट व खालीं १९१४ असतें; दुसऱ्या बाजूस ओकवृक्षाचीं पानें, मूळ संस्थापकाचीं आद्याक्षरें व १८१३. हा आंकडा वाचून नवशिके त्यास शंभर वर्षांनीं अधिक जुना समजतात. उलट, १९१४ ते १९१८ हे आंकडे धारण करणारा, हिंडेनबुर्गच्या नांवानें ओळखला जाणारा सन्मानक्रूस १९३४ सालीं स्थापन झाला; बादशाही तर नोव्हेंबर १९१८ मध्येंच संपली होती! पदकावरील सन हा त्याचा जन्मसन असतोच असें नाहीं, हा पहिला धडा.

दुसरा धडा घडणीचा. खरा क्रूस बहुधा तीन भागांचा असतो: मध्यें काळें केलेलें ओतीव लोखंड, व त्यास दोन्ही अंगांनीं धरणाऱ्या, कडेस झाळून जोडलेल्या चांदीच्या दोन चौकटी. भिंगांतून कड पाहिली असतां हा सांधा शोधतां येतो. नकली क्रूस पुष्कळदां एकसंध ओतलेला असतो. त्याचीं अक्षरें बोथट, अंगावर बारीक छिद्रें, आणि चौकट नुसती रंगविलेली. लोहचुंबक लावून पहावा, परंतु त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबूं नये. कारण नकलाही लोखंडाच्या असतात, आणि प्रथम वर्गाचे कांहीं खरे क्रूस चुंबकास दाद देत नाहींत. द्वितीय वर्गाच्या क्रूसाची फीत लढणाऱ्यांस काळी, पांढऱ्या कांठांची. न लढणाऱ्यांस याच्या उलट. फितीचा धागा अतिनील प्रकाशांत लखलखूं लागला, तर ती अलीकडची समजावी. १८७०-७१ च्या युद्धाच्या कांशाच्या पदकाची कडही वाचावी. जिंकलेल्या तोफांपासून तें केल्याचा जर्मन लेख तेथें असतो.

आमच्या पूर्वजांनीं सुवर्णाची परीक्षा घासून, कापून, तापवून व ठोकून घ्यावी असें सांगितलें आहे. येथें मात्र हे चारही उपाय वर्ज्य! चिंच वा राख लावून उजळणेंही नको. जुनी काळिमा हा पुरावाच आहे.

या सर्व कसोट्यांस तो क्रूस उतरला. कथा मात्र उतरली नाहीं. पणजोबा ज्या फौजेंत होते, ती कैसरची शत्रुसेना. तिच्या शिपायास तो शौर्यपदक कशास देईल? शिवाय द्वितीय वर्गाचे असे क्रूस त्या युद्धांत सुमारे ५० लाख वांटले गेले, आणि त्यांवर धारण करणाऱ्याचें नांव कोरण्याचा नियम नव्हता. नांव असे तें सोबतच्या प्रशस्तिपत्रावर. पत्र नाहीं, तर क्रूस मुका. तो बहुधा रणांगणावर सांपडला असावा किंवा कोणाकडून घेतला असावा.

मुलाचा चेहरा उतरला. आम्हांसही वाईट वाटलें. परंतु शिक्षकानें खोटें सुखाचें म्हणून सांगूं नये. इतक्यांत पेटीच्या तळाशीं एक काळवंडलेलें वाटोळें पदक दिसलें. एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसरीकडे घोडेस्वार. "तें साधेंच आहे, आई म्हणते, मोडींत घालूं," तो म्हणाला. आम्हीं भिंग त्याच्या हातीं दिलें व कड वाचावयास सांगितलें. ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण ठोकलेली असते. तो एकेक अक्षर लावीत गेला, आणि पणजोबांच्या नांवाशीं येऊन थांबला. पुढचीं अक्षरें त्यास कांहीं वेळ वाचतां येईनात.

क्रूस विकावा कीं ठेवावा, हें त्याचें त्यानें ठरवावें. चांदीचें पदक मात्र आतां त्यांच्या देवघराशेजारच्या कपाटांत आहे. वाचकहो, आपल्याही घरांत अशी पेटी असल्यास, मोडींत कांहीं घालण्यापूर्वीं एकदां कड वाचून पहा.