गॅस सारखा येतो, विजेची मागणी नाही

पुण्यात संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, पंखे, गिझर लागतात, आणि नेमकी तेव्हाच सौरवीज संपलेली असते. ही वाढीव वीज आणायची कुठून? आज आपण उरणचं उदाहरण घेऊ.

महानिर्मितीचं उरणचं केंद्र ६७२ मेगावॉटचं आहे. १०८ मेगावॉटचे चार गॅस संच, आणि त्यांच्या गरम एक्झॉस्टवर वाफ करून चालणारे १२० मेगावॉटचे दोन संच. वाफेच्या संचांना वेगळा गॅस लागत नाही, हीच तर गंमत आहे.

आता समजा, आज गॅस अपुरा आहे, दिवसभरात एकच संच पूर्ण क्षमतेने चालेल इतकाच. आपण काय करू? मनात पहिलं येतं ते असं, की चारही संच पाव-पाव भारावर चालवू, सगळ्यांना थोडं-थोडं. हा चुकीचा मार्ग. टर्बाइनच्या ताकदीतला निम्म्याहून अधिक भाग स्वतःचा कॉम्प्रेसर फिरवण्यातच जातो, आणि भार कमी केला तरी ते धूड मिनिटाला ३००० फेऱ्यांनीच फिरत राहतं. म्हणजे थोड्या विजेसाठी गॅस मात्र भरमसाट.

मग दोन पर्याय उरतात. एक संच २४ तास: १०८ अधिक वाफेचे साधारण ६०, म्हणजे १६८ मेगावॉट. किंवा दोन संच १२ तास: ३३६ मेगावॉट. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे सुमारे ४० लाख युनिट. पण दुसऱ्यात ती वीज संध्याकाळी, गरजेच्या वेळी मिळते. सोपं वाटतं ना?

तर नाही. संच रोज बंद-चालू केला की तापलेला धातू थंड होतो, पुन्हा तापतो. दुरुस्ती लवकर येते. वाफेचा संच तर हळूहळूच तापवावा लागतो, तोवर गॅस जळतच असतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे गॅस पाइपलाइनमधून दिवसभर एकसारखा येतो. कोयनेत पाणी धरणात अडवून संध्याकाळी सोडता येतं. पाइपलाइनमध्ये थोडासाच गॅस साठतो. त्यामुळे १२ तासांचा गॅस राखून ठेवणं कागदावरच राहतं. प्रत्यक्षात दुपारी भार थोडा उतरवायचा, संध्याकाळी चढवायचा, इतपतच मुभा.

हे वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत बसवायचं असतं. चार संच, प्रत्येक तुकड्यात चालू की बंद: ३८४ निर्णय, म्हणजे २ चा ३८४ वा घात इतक्या शक्यता. एकेक तपासत बसलो तर जन्म पुरणार नाही. पण ‘एकदा सुरू केलेला संच किमान अमुक तास चालवायचाच’ असे नियम घातले की बहुतेक शक्यता आपोआप गळतात. उरलेल्यांत संगणक किमान खर्चाची वाट शोधतो.

अर्थात गॅसच आला नाही तर गणित कितीही चांगलं असो, उपयोग नाही. दाभोळचा १९६७ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ च्या सुमारास ठप्प झाला, तो कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटल्यामुळे. तिथे वेळापत्रक लावायला हातात काही उरलंच नव्हतं.