चित्रपट-तबकड्यांचे संक्षेपण

व्हीसीडी वा डीव्हीडी या तबकडीवरील चित्रपट संगणकात उतरवून घेणे व हार्ड डिस्कवर कमी जागेत मावावा म्हणून त्याचे अंकीय आकारमान घटविणे, यास चित्रपट-तबकडीचे संक्षेपण म्हणतात. तबकडी उतरविताना तीवरील अंक जसेच्या तसे मिळतात. संक्षेपणात मात्र काही माहिती कायमची वगळली जाते. व्यवहारात या दोन क्रिया एकच समजल्या जात असल्या, तरी हा भेद मूलभूत आहे.

तबकडीवरील चित्रपटही आधीच संक्षेपित असतो. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० × ५७६ चित्रबिंदूंच्या २५ चौकटी दर सेकंदास दाखविल्या जातात. प्रत्येक चित्रबिंदूस सरासरी १२ बिट धरल्यास दोन तासांच्या असंक्षेपित चित्रपटास सु. ११२ गिगाबाइट जागा लागेल; एकथरी डीव्हीडीत ती केवळ ४.७ गिगाबाइट असते. एमपेग–२ या पद्धतीमुळे हे शक्य होते. व्हीसीडीच्या १९९३ मधील मानकात एमपेग–१ ही पद्धत असून चौकट ३५२ × २८८ चित्रबिंदूंची असते. एका तबकडीवर सु. ७४ मिनिटांचेच चित्रण मावत असल्याने मराठी चित्रपट व नाटके दोन-तीन तबकड्यांच्या संचांत विकली जात.

लगतच्या चौकटींतील साम्य व एकाच चौकटीतील शेजारच्या बिंदूंचे साम्य यांवर संक्षेपण आधारलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी येथील दशभुज गणेशाच्या मंदिराचे स्थिर चित्रण केल्यास एक चौकट पूर्ण साठवून पुढील चौकटींतील फरक तेवढा नोंदविणे पुरते. त्याच गावच्या किनाऱ्यावरील बामणघळीत भरतीची लाट शिरून उसळते, त्या तुषारांची गोष्ट वेगळी. तेथे एक चौकट दुसरीसारखी नसते. पुरेसे बिट न दिल्यास फेसाचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. चौकटीच्या अंतर्गत संक्षेपणासाठी पृथक् कोज्या रूपांतर वापरतात. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. या रूपांतराने चित्राचे स्थूल व सूक्ष्म घटक वेगळे होतात आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे सूक्ष्म घटक स्थूलमानाने नोंदविले जातात. हानी होते ती येथेच.

एच. २६४ (२००३) या पद्धतीने एमपेग–२ च्या सु. निम्म्या जागेत तोच दर्जा मिळू शकतो. एचईव्हीसी (२०१३) तीहून काटकसरी आहे. सेकंदास १.५ मेगाबिट या वेगाने दोन तासांचे चित्र १.३५ गिगाबाइटमध्ये बसते. तथापि ठरावीक आकारमानाचा आग्रह धरण्यापेक्षा ठरावीक दर्जा निवडून आकारमान चित्रपटावर सोडणे श्रेयस्कर. जुन्या कृष्णधवल चित्रपटांतील रवाळपणा पुष्कळ बिट खातो. तो गाळण्याच्या मोहात चेहऱ्यावरील बारकावेही पुसले जातात. व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या नाटकांच्या डीव्हीडीत प्रत्येक चौकट दोन अर्धक्षेत्रांची असते. ती योग्य रीतीने न जुळविल्यास हालत्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात व एकदा संक्षेपित झाल्यावर ते काढणे दुरापास्त होते. डीव्हीडीवरील ध्वनी बहुधा पुन्हा संक्षेपित करू नये; सेकंदास १९२ किलोबिट वेगाचा ध्वनी दोन तासांत सु. १७३ मेगाबाइटच व्यापतो. व्हीसीडीचे पुनःसंक्षेपण तर जवळजवळ निरर्थकच. चित्र आधीच इतके दरिद्री असते, की वाचणारी जागा हानीच्या मानाने क्षुल्लक ठरते.

पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांच्या फिती जतन केल्या जातात. त्यांवरून पुन्हा अंकीय प्रत काढता येते. २००३ च्या आगीत तेथील नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. व्हिडिओवरच चित्रित झालेल्या नाटकास अशी फीत मुळातच नसते. त्यामुळे घरातील तबकडी हीच उपलब्ध असलेली सर्वोत्तम प्रत असू शकते. अशा वेळी उतरविलेले मूळ अंक तसेच ठेवून संक्षेपित प्रत केवळ पाहण्यासाठी वापरावी. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत तबकडीचा परावर्तक थर गंजण्याची भीती असते; हार्ड डिस्कही अचानक निकामी होऊ शकते. म्हणून दोन डिस्कवर, शक्यतो दोन ठिकाणी, प्रती ठेवतात.

अनेक डीव्हीडींवर सांकेतिक कुलूप असते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली समाविष्ट झालेल्या कलम ६५ अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप भेदणे दंडनीय आहे. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो.