योगदर्शनातील समृद्धीचे सूत्र आणि उद्योगनगरी

प्रतिनिधी, पिंपरी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात योग हा शब्द आता नवा राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. तेव्हापासून त्या दिवशी अनेक कारखान्यांच्या आवारात सतरंज्या अंथरल्या जातात. पाठदुखी, रक्तदाब, रात्रपाळीने बिघडलेली झोप यांवरचा उपाय म्हणून कामगार आणि अधिकारी आसने व प्राणायाम शिकतात. पुणे-मुंबई महामार्गावरच्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आरोग्यासाठी योग हा विचार त्यामुळे या परिसराला जुनाच आहे. अलीकडे त्यात आणखी एका अपेक्षेची भर पडली आहे. योगसाधनेने आर्थिक भरभराट होते, कर्म सुधारते, अडलेला धंदा मार्गी लागतो, असे अनेकांना सांगितले जाते आणि त्यावर विश्वास ठेवणारेही कमी नाहीत.

मूळ योगदर्शन याविषयी काय म्हणते, हे पाहू गेल्यास उत्तर काहीसे अनपेक्षित मिळते. पतंजलींच्या योगसूत्रांत संपत्तीचे आश्वासन आहे. पण ते आसनांच्या किंवा प्राणायामाच्या वाट्याला आलेले नाही. ते आले आहे अस्तेयाच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या वाट्याला.

आसनांआधीचे पाच यम

योगसूत्रांची संख्या पाठभेदांनुसार १९५ किंवा १९६ आहे. समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य अशा चार पादांत ती विभागलेली आहेत. त्यांतील आसनाची व्याख्या, उपाय आणि फळ सांगणारी सूत्रे अवघी तीन आहेत. आठ अंगांपैकी आसन हे तिसरे अंग. त्याआधी यम आणि नियम येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. यम हे मुख्यतः इतरांशी कसे वागावे हे सांगतात, नियम स्वतःशी कसे वागावे हे सांगतात.

हे यम जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या सवलती न घेता पाळले तर ते महाव्रत ठरते, असे पतंजलींनी म्हटले आहे. यावर व्यासभाष्यात दिलेले उदाहरण मार्मिक आहे. एखादा कोळी म्हणतो, मी मासे सोडून इतर कोणाचीही हिंसा करत नाही. ही त्याच्या व्यवसायाने मर्यादित केलेली अहिंसा झाली. ‘धंद्यात एवढे चालायचेच’ हे वाक्य औद्योगिक वसाहतीत रोज कुठे ना कुठे उच्चारले जाते. घरी प्रामाणिक, देवळात श्रद्धाळू आणि बिलाच्या वेळी मात्र वेगळा, अशी वाटणी योगदर्शनाला मान्य नाही.

अस्तेयातून रत्ने कशी येतात?

अस्तेय ज्याच्या ठायी दृढ झाले, त्याच्याकडे सर्व रत्ने चालत येतात, असा साधनपादातील सदतिसाव्या सूत्राचा आशय आहे. भाष्यकार सांगतात, की अस्तेय म्हणजे केवळ दुसऱ्याची वस्तू न उचलणे नव्हे, तर तिची अभिलाषाही न धरणे. श्रद्धावंत हे फळ शब्दशः घेतील. व्यवहाराच्या पातळीवरही त्याचा अर्थ लागतो आणि त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : पत. जो दुसऱ्याच्या वाट्याला हात लावत नाही, त्याच्याकडे लोक आपला माल, आपला पैसा आणि आपली माणसे निर्धास्तपणे सोपवतात. बाजारात ‘त्याची पत आहे’ असे म्हटले, की त्यात बँकेतील शिल्लक आणि माणसाचा शब्द या दोन्ही गोष्टी येतात.

औद्योगिक पट्ट्यात या तत्त्वाची सर्वांत कठोर परीक्षा थकलेल्या बिलांवर होते. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी हजारो लहान वर्कशॉप भोसरी, तळवडे, चाकण परिसरात आहेत. माल गेला, तपासणीत उतरला, गाडीत बसलाही; पण पैसे मात्र येत नाहीत. एक साधा हिशेब मांडून पाहता येईल. दहा लाख रुपयांचे बिल चार महिने अडकले आणि वर्कशॉपच्या मालकाने तेवढीच रक्कम बँकेकडून वार्षिक १२ टक्के दराने उचललेली असली, तर व्याजाचेच ४० हजार रुपये होतात. त्या कामात चार टक्के नफा सुटणार असेल, तर तो संपूर्ण नफा व्याजात गेला. कोणाच्या खिशातून कोणी काही काढलेले नाही, तरीही एकाचा पैसा दुसऱ्याने चार महिने फुकट वापरला आहे.

कायद्यालाही हे मान्य नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मध्ये झाला. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत चुकते करणे त्याने बंधनकारक केले. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देण्याची तरतूदही त्यात आहे. तथापि, ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी आहे, त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास लहान पुरवठादार कचरतो. कायद्याचा हात जिथे थबकतो, तिथे यमाचे काम सुरू होते.

अस्तेयाला सत्याचीही जोड लागते. गेज न लावताच भरलेला तपासणी अहवाल, पहिला नग न मोजता सुरू केलेले उत्पादन, हजेरीपटावर कमी दाखवलेले जादा कामाचे तास ही सारी असत्याची आणि चोरीची कारखान्यातील रूपे आहेत. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला देण्याचे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आपल्याकडे रुजले. तरीही ठेकेदारीतील कामगाराला तो मिळतो का, हा प्रश्न विचारावा लागतो.

केले, करविले, मान्य केले

अशा वेळी जबाबदारी कोणाची? या प्रश्नावर योगसूत्रे आश्चर्य वाटावे इतकी स्पष्ट आहेत. हिंसा, असत्य, चोरी यांसारखी कृत्ये स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली किंवा अनुमोदन दिलेली अशी तीन प्रकारची असतात, असे पतंजली सांगतात. ती लोभ, क्रोध किंवा मोह यांतून घडतात आणि त्यांचे प्रमाण सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते. व्यासभाष्याने यांचा गुणाकार करत केवळ हिंसेचे ८१ भेद मोजून दाखवले आहेत.

आधुनिक उद्योगाची रचना साखळीची आहे. मूळ कंपनी, तिचा पुरवठादार, पुरवठादाराचा ठेकेदार आणि ठेकेदाराचा कामगार. सर्वांत खालच्या कामगाराचा भविष्य निर्वाह निधी भरला गेला नाही, तर प्रत्येक जण बोट खाली दाखवतो. योगदर्शनाच्या हिशेबात ज्याने भरला नाही तो ‘केले’ या रकान्यात, ज्याने परवडणार नाही असा दर लादला तो ‘करविले’ या रकान्यात आणि ज्याला सारे ठाऊक असून कागदावर सही केली तो ‘मान्य केले’ या रकान्यात बसतो. तिन्ही रकाने कर्माचेच आहेत.

इंद्रायणीच्या काठावरचा धडा

हा विचार समजून घेण्यासाठी या पट्ट्यातील माणसाला दूर जाण्याची गरज नाही. एका बाजूस देहू आणि दुसऱ्या बाजूस आळंदी यांच्या सान्निध्यातच ही उद्योगनगरी वाढली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली आणि पुढे कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोचली. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला.

देहूचे तुकोबा हे जन्माने वाणी-व्यवसाय आणि सावकारी असलेल्या घरातले. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात त्यांचा संसार आणि व्यापार दोन्ही कोसळले. परंपरा सांगते, की घरातील कर्जखतांची त्यांनी वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. या कथेतील बारकावा महत्त्वाचा आहे. तुकोबांनी औदार्य केले ते स्वतःच्या हिश्श्यातून, भावाच्या हिश्श्यातून नव्हे. दान करतानाही अस्तेय सुटले नाही. त्यांनी धनाची निंदा केली, असा एक समज आहे. प्रत्यक्षात धन चोख व्यवहाराने जोडावे आणि त्यात न गुंतता खर्चावे, अशी दुहेरी शिकवण त्यांच्या अभंगांत आढळते.

दोन्ही अर्ध्या भागांचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्यास सांगितले. शाळांच्या खोल्या आणि रुग्णवाहिका यांतून उभ्या राहतात, हे स्वागतार्हच आहे. मात्र हा दोन टक्क्यांचा भाग उरलेल्या ९८ टक्क्यांची शुद्धी करू शकत नाही. आधी चोख मिळकत, मग अलिप्त खर्च.

ज्या इंद्रायणीने ती खते पोटात घेतली, तिच्या पात्रावर आळंदीजवळ गेल्या काही वर्षांत वारंवार पांढरा फेस तरंगताना दिसला आहे. प्रक्रिया न केलेले घरगुती आणि औद्योगिक सांडपाणी हे त्यामागचे कारण. कार्तिकी यात्रेला आलेला वारकरी त्याच पाण्यात स्नान करतो. सांडपाण्यावरील प्रक्रियेचा खर्च वाचवणारा आपला नफा नदीकडून आणि खालच्या गावांकडून घेत असतो. अस्तेयाचा याहून ढळढळीत भंग शोधावा लागणार नाही.

जमिनीचा पैसा आणि अपरिग्रह

समृद्धीचा दुसरा चेहरा चाकण परिसरातील गावांत दिसतो. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी अशा गावांत शेतीच्या जागी कारखाने, गोदामे आणि भाड्याच्या खोल्या आल्या. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्यांत न पाहिलेला पैसा एका व्यवहारात आला. काहींनी त्यातून उद्योग उभारला, मुलांना शिकवले. काहींचा पैसा गाड्या, समारंभ आणि भाऊबंदकीच्या खटल्यांत विरून गेला.

अपरिग्रहाचे विवेचन करताना व्यासभाष्यात भोग्य वस्तूंचे पाच दोष सांगितले आहेत : मिळवण्याचा त्रास, राखण्याचा त्रास, नष्ट होण्याचे दुःख, जडणारी आसक्ती आणि त्यापायी होणारी हिंसा. जमिनीचा व्यवहार पाहिलेल्या कोणालाही ही यादी परकी वाटणार नाही. संतोषाची भाष्यातील व्याख्याही तितकीच व्यावहारिक आहे : हाताशी असलेल्या साधनांहून अधिकाची हाव न धरणे. याचा अर्थ हातपाय गाळून बसणे असा नाही. शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून कर्ज न काढणे, एवढाच तो आहे. पुण्याच्या येरवडा तुरुंगातून १९३० मध्ये आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत महात्मा गांधींनी गरज नसलेली वस्तू घेणे हीसुद्धा चोरीच मानली आणि अस्तेयाचे अपरिग्रहाशी असलेले नाते उघड केले.

कर्म म्हणजे नशीब नव्हे

मग चांगल्या कर्माचे काय? योगसूत्रांनुसार सामान्य माणसाचे कर्म शुभ, अशुभ किंवा मिश्र असते. बाह्य साधनांनी घडणाऱ्या कर्मात कोणाला तरी पीडा आणि कोणावर तरी अनुग्रह होतोच, असे भाष्यकार म्हणतात. म्हणून ते मिश्र. कारखानदारी हे अशा मिश्र कर्माचे उत्तम उदाहरण आहे. ती हजारो घरांत चूल पेटवते आणि नदीत फेसही सोडते. पीडेचा भाग ओळखून तो सातत्याने कमी करत जाणे, एवढे उद्योजकाच्या, व्यवस्थापकाच्या आणि कामगाराच्याही हाती असते. फळाची आसक्ती सोडलेल्या योग्याचे कर्म या तिन्ही प्रकारांपलीकडचे असते. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मत्यागापेक्षा निष्काम बुद्धीने केलेले कर्म श्रेष्ठ ठरवले, त्याचाही रोख याच दिशेने आहे.

कर्मसिद्धान्ताचा एक गैरवापर मात्र टाळायला हवा. ठेकेदारीतील कामगाराचे दारिद्र्य हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ, असे सांगून स्वतःची सुटका करून घेणे सोपे असते. पतंजलींचा कल त्याउलट आहे. जे दुःख अद्याप आलेले नाही ते टाळायचे, असे ते सांगतात. म्हणजेच कर्मविचाराचे तोंड भूतकाळाकडे नसून उद्याच्या पाळीकडे आहे.

अस्तेय पाळणाऱ्याचा धंदा कधीच बुडत नाही, असा दावा कोणी करू नये. मंदी येते, गाडीचे मॉडेल बंद पडते, प्रामाणिक माणसाचेही वर्कशॉप मिटते. परंतु मशीन विकावी लागल्यावरही ज्याच्या शब्दावर पुन्हा उधार माल मिळतो, त्याच्यापाशी काय शिल्लक राहिले, हे बाजाराला बरोबर कळते. योगाची सतरंजी गुंडाळून ठेवल्यानंतर कार्यालयात जाऊन पुरवठादाराचे मुदतीतले बिल मंजूर करणे, हे या परिसरातील अनेकांना आजच करता येण्याजोगे योगसाधन आहे.