मोरचूद, तांबे आणि जखमेचे भरणे



आळंद, भालकी, बसवकल्याण या आपल्या सीमाभागात मोरचूद ठाऊक नाही असा शेतकरी विरळा. चुन्याबरोबर त्याचे बोर्डो मिश्रण करून पिकावर फवारले की बुरशीला आळा बसतो. पण हीच निळी पूड जुवाने सोललेल्या बैलाच्या खांद्यावर, कधी माणसाच्या पायाच्या जखमेवरही दाबलेली आम्ही पाहतो. ‘तांब्याने जखम भरते,’ असे त्यावर सांगण्यात येते. यात खरे किती, ते पाहू.

जखम भरायची तर तेथे रक्त पोहोचले पाहिजे. त्यासाठी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्या पाहिजेत. या कामी तांबे लागते, हे खरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी सशांच्या डोळ्यांवर केलेले प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाले. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात एरवी रक्तवाहिनी नसते. नवी फुटली तर लगेच दिसते. रक्तातील तांबे वाहणारे प्रथिन तेथे ठेवले तेव्हा वाहिन्या फुटल्या. तेच प्रथिन तांब्याविना ठेवले तेव्हा फुटल्या नाहीत. ज्या सशांच्या शरीरात तांब्याची उणीव होती, त्यांच्यातही ही वाढ झाली नाही.

मात्र हे तांबे प्रथिनाला बांधलेले आणि अगदी अल्प असते. बिदरी भांड्यात जस्त पुष्कळ व तांबे थोडे, तसेच हे. शरीराला दिवसाकाठी सुमारे २ मिलिग्रॅम तांबे पुरते. तूर, हरभरा, तीळ, शेंगदाणे यांतून ते मिळते. मोरचूद हा तांब्याचा तीव्र क्षार आहे. उघड्या जखमेवर तो नवे कोवळे मांस जाळतो. पोटात गेला तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, यकृत व मूत्रपिंडे बिघडतात, जीवही जातो.

जादा तांब्याचा धडा पुण्यात मिळाला आहे. तेथे लहान मुले यकृत कठीण होऊन दगावत. के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी व त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवून दिले की, अशा बाळांना फार लवकर वरचे दूध सुरू केलेले असे, आणि ते पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले असे. भांडी बदलली, तसा हा आजार पुढे फार विरळ झाला.

आणखी एक गोष्ट. कर्करोगाची गाठही नव्या रक्तवाहिन्या फुटूनच वाढते, आणि तिलाही तांबे लागते. म्हणून तांब्याच्या गोळ्या किंवा भस्म आपल्या मनाने घेऊ नये.

जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ फडके बांधावे, धनुर्वाताच्या सुईबद्दल डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असून पायाची जखम भरत नसेल तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठावा. बैलाचा खांदा पशुवैद्याला दाखवावा, आणि तो बरा होईपर्यंत बैल जुवाला लावू नये. मोरचुदाची पिशवी कुलुपात, मुलांच्या हाताबाहेर असावी. तिची जागा शेतीच्या सामानात आहे, औषधाच्या फळीवर नाही.