खुळखुळ्याचे दोन पाहुणे

पावसाळा सरत आला कीं नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या मुरमाड उतारावर, अंबाझरीच्या बाजूस किंवा एखाद्या ओसाड पडलेल्या आवारांत कमरेइतकीं उंच रोपें पिवळेधमक तुरे घेऊन उभीं राहतात. वाळलेली शेंग हालविली असतां आंतील बिया वाजतात, म्हणून यास खुळखुळा म्हणावयाचें. कोणी घागरीही म्हणतात. ज्याचा दोर वळतात तो ताग याचाच भाऊबंद, उंचीनें मात्र पुरुषभर.

फुलाची ठेवण वाटाण्याच्या फुलासारखी आहे. वर एक मोठी उभी पाकळी, बाजूंस दोन पंख, आणि आंत दोन पाकळ्या जुळून झालेली चोंचदार डबी. फूल उमलण्याच्या आधींच पराग या डबींत सांडलेला असतो. मधाच्या लोभानें कोणी जड पाहुणा पंखांवर बसला कीं डबी खालीं दबते, आणि आंतील केसाळ दांडा पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें पराग चोंचींतून बाहेर ढकलून त्याच्या पोटास फांसतो. वजन उठलें कीं डबी पुन्हां जागेवर! चिमुकल्या माशीच्या भारानें ही कळ सहसा दबत नाहीं. तेथें काळा, घोंघावणारा भुंगाच हवा. संस्कृत कवींनीं या बिचाऱ्यास कमळांत कोंडून ठेविलें आहे. त्यांतील प्रेमाचा भाग कवींनाच ठाऊक, पण तो लांकूड पोखरतो हें मात्र अक्षरशः खरें. मादी वाळक्या फांदींत किंवा बांबूंत बोगदा कोरते, त्यांत परागाचा गोळा ठेवून अंडें घालते आणि पुढें भुशाचा पडदा लाविते.

दुसरा पाहुणा निराळ्याच कामासाठीं येतो. नारिंगी पंखांवर काळ्या शिरा असलेलीं, किंवा काळ्या पंखांवर निळसर ठिपके असलेलीं फुलपांखरें याच्या वाळलेल्या पानांस व शेंगांस सोंड लावून तासन्‌तास बसतात. त्यांत बहुतेक सारे नरच. या रोपांत अल्कलॉइड जातीचें विष आहे. नर तें शोषून घेतात, त्यापासून मादीस मोहविणारा सुवास तयार करितात, आणि उरलेल्या विषानें पक्ष्यांपासून आपला जीवही वांचवितात.

माणसास मात्र हें विष मानवत नाहीं. 1975 च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यांत (तेव्हां मध्यप्रदेश, आज छत्तीसगड) गोंदली नांवाच्या बारीक धान्यांत याच कुळांतील एका रानरोपाचें बीं मिसळलें गेलें. तें खाण्यांत येऊन यकृतांतील सूक्ष्म शिरा बंद पडल्या, पोटांत पाणी झालें आणि कित्येक माणसें दगावलीं. मुलांनीं शेंग खुशाल वाजवावी; बीं तोंडांत घालूं नये, आणि वडीलधाऱ्यांनींही घरगुती औषध म्हणून त्याचा काढा करूं नये.

आमच्या शेजारचें मोकळें आवार गेल्या दिवाळीपूर्वीं साफ करावयाचें ठरलें. मुलें आहेत, विषारी झाड हवें कशाला, हें मालकांचें म्हणणें कांहीं चुकीचें नव्हतें. शेवटीं तडजोड झाली. वाटेवरचीं रोपें उपटलीं, कुंपणाकडेचीं चार ठेविलीं. तेथला जुना, फुटका बांबूही सौभाग्यवतींच्या आग्रहानें राहिला. मार्चमध्यें त्याला बोटाएवढें वाटोळें भोंक पडलेलें दिसलें, आणि खालीं जमिनीवर पिवळट भुशाची लहानशी रास.