बुलेटची जन्मपत्री: जुनी ट्रायल्स मोटरसायकल ओळखायची कशी?

मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात भर पावसाळ्यात पांदण रस्त्यानं मोटरसायकल घेऊन शेतावर जाणाऱ्या माणसाला ट्रायल्स हा खेळ वेगळा समजावून सांगायची गरज नाही. काळी माती चाकावर थापली जाते, मडगार्डात गच्च बसते, चाक फिरेनासं होतं आणि पाय टेकला तर चप्पल तिथंच राहते. ट्रायल्समध्ये हेच असतं, फक्त हौसेनं. तिथं वेग मोजत नाहीत. दगड, ओढा, चिखल, चढ यांतून पाय न टेकता गाडी काढायची. जुन्या हिशेबात एकदा पाय टेकला की एक गुण गेला, जास्त वेळा टेकला की तीन, गाडी थांबली की पाच. ज्याचे सगळ्यात कमी गुण गेले तो जिंकला.

या कामासाठीची गाडी वेगळी दिसते. पुढचं चाक २१ इंची आणि बारीक, मागचं १९ इंची आणि जाड. सायलेन्सर वर उचललेला, म्हणजे ओढ्यात पाणी शिरू नये. मडगार्ड चाकापासून लांब, चिखलाला जागा मिळावी म्हणून. गिअर जड ओढीचे, इंजिन सावकाश पण जोमानं चालणारं.

आता आपल्याकडच्या माणसांना जवळचं उदाहरण म्हणजे रॉयल एनफिल्ड बुलेट. इंग्लंडातल्या रेडिच गावचा हा कारखाना. मागच्या चाकाला स्विंगआर्मचं सस्पेन्शन असलेली नवी बुलेट त्यांनी पहिल्यांदा लोकांपुढे आणली ती शोरूममध्ये नव्हे, तर फेब्रुवारी १९४८ मध्ये कोलमोर कप नावाच्या ट्रायल्स स्पर्धेत. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथं बुलेटवरच्या दोन स्वारांना सुवर्णपदकं मिळाली. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराची ३५० बुलेट इतकी गाजली की तिचा एचएनपी ३३१ हा नंबर त्या शौकिनांना आजही पाठ असतो. गाडीचा नंबर माणसाच्या नावासारखा लक्षात राहतो, हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

भारतात बुलेट आली ती लष्करासाठी. मग १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली. आधी इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथं जोडणी व्हायची, पुढे गाडी पूर्ण इथंच बनू लागली. म्हणून आपल्या भागात एखाद्या वाड्याच्या पडवीत, कडब्याखाली, उंच सायलेन्सरची जुनी बुलेट निघाली तर लगेच ‘रेडिचची ट्रायल्स’ म्हणून नाचू नये. माझं स्पष्ट मत आहे की अशा दहापैकी नऊ गाड्या मद्रासच्या, मालकानं किंवा मिस्त्रीनं बदललेल्या असतात. कंपनीनंच २०१९ मध्ये बुलेट ट्रायल्स नावानं जुन्या रूपाची गाडी काढली, तेव्हापासून तर ही हौस अजूनच वाढली आहे. सायलेन्सर वर करायला एक वेल्डर आणि एक दुपार पुरते.

मग खरं काय ते कळायचं कसं? तीन साक्षीदार असतात. चासी, इंजिन आणि कागद. तिघांची जबानी वेगवेगळी घ्यायची.

चासीचा नंबर बहुधा हॅन्डलखाली, चासीच्या मानेपाशी ठोकलेला असतो. इंजिनाचा क्रँककेसवर. रंगाचे थर असतील तर रॉकेल आणि चिंधी घ्या, ग्राइंडर हातात धरू नका. आजूबाजूचा पृष्ठभाग घासलेला, चपटा, जास्त चकचकीत दिसला तर शंका घ्या. ३५० बुलेटला कंपनीच्या भाषेत जी-२ म्हणत. रेडिचची पाठवणीची रजिस्टरं ब्रिटनमधल्या रॉयल एनफिल्ड मालकांच्या क्लबाकडे जपलेली आहेत. गाडी खरोखर तिथली असेल तर कारखान्यातून ती कधी निघाली आणि कोणाकडे गेली, हे त्या नोंदींत सापडू शकतं.

सुटे भागही बोलतात. लुकासच्या जुन्या मॅग्नेटो आणि डायनॅमोवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. त्यावर ‘लुकास-टीव्हीएस’ असेल तर तो भाग १९६१ नंतरचा, भारतातला. एक भाग बदलला म्हणून गाडी खोटी ठरत नाही, पण पाच भागांच्या तारखा एकमेकींशी जुळल्या तर मात्र विश्वास बसतो.

कागदांची गंमत आपल्या जिल्ह्यात जास्त आहे. यवतमाळ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, नंतर मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे जिल्हा जागचा हलला नाही, पण १९५५ ला इथं नोंदलेली गाडी आणि १९५८ ला नोंदलेली गाडी वेगवेगळ्या राज्यांच्या कागदांवर. नागपूरकडचा जुना शिक्का दिसला की घाबरायचं कारण नाही, उलट तोच काळाचा पुरावा आहे. आणखी एक. एमएच-२९ ही मालिका १९८९ नंतरची. साठीतली दिसणारी बुलेट आणि नंबर एमएच-२९? फसवणूकच असेल असं नाही. ती परराज्यातून आलेली असू शकते किंवा लष्करानं लिलावात काढलेली. लष्करी गाडीच्या टाकीवरच्या रंगाखाली वर टोक केलेला बाण आणि आकडे सापडतात का, ते आधी बघा.

इथं पेंटरचा प्रश्न येतो. जुनी गाडी सापडली की लोक पहिल्यांदा सँडब्लास्टिंग करून घेतात. त्या एका दिवसात बाण, लष्कराचा हिरवा रंग, कंपनीचा मूळ थर, सगळं जातं. आधी फोटो काढा, वहीत लिहा, मगच हात लावा.

हे सगळं आता कायद्याच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली आणि चासी-इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षांची. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. रोजच्या कामाला ती रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरती चालते. म्हणजे हौसेनं केलेली ‘ट्रायल्स’ तुमच्याच सासऱ्यांच्या खऱ्या बुलेटला या यादीबाहेर ढकलू शकते. उंच सायलेन्सर नंतर काढता येईल, पण कापलेली चासी परत जोडून मूळची होत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: इंजिन आणि चासीचे नंबर जुळत नसले तर गाडी चोरीची समजायची का?)

नाही काका, लगेच नाही. मुळात दोन्ही नंबर सारखेच असले पाहिजेत असंही नाही, ते आरसी बुकातल्या नोंदीशी जुळले पाहिजेत. त्या काळी क्रँककेस फुटला की मिस्त्री दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा, सोपं काम होतं. आरसी बुकात बदलाची नोंद आहे का ते बघा. असेल तर तो गाडीचाच इतिहास झाला. नसेल तर जसे आहेत तसे दोन्ही नंबर घेऊन परिवहन कार्यालयात जा. मात्र जुळावेत म्हणून घासून नवा नंबर ठोकला, तर तो गुन्हा आहे आणि मग खरी गाडीसुद्धा संशयात येते.