राखीव हार्ड डिस्कची परीक्षा

रुग्णालयाच्या नोंदींची दुसरी प्रत आम्ही ठेवतो, एवढे सांगून आमची जबाबदारी संपत नाही. ती प्रत ऐनवेळी चालेल काय, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे.

शिराळा परिसरात सर्पदंशाचा रुग्ण रात्री-अपरात्री येतो. त्यास पूर्वी सर्पदंशावरील लस दिली होती काय, तिची रिअ‍ॅक्शन आली होती काय, हे जुन्या नोंदीवरून तत्काळ समजावे लागते. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. त्याचा हिशेबही याच संगणकात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा अनेक दिवस कामकाज हाताने करावे लागले. सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरमुळेच तेथील नोंदी परत मिळाल्या.

साध्या बॅकअपमध्ये केवळ नोंदी उतरविल्या जातात. ‘क्लोन’ डिस्कमध्ये विंडोज, बिलांचा प्रोग्रॅम व नोंदी असे सर्वच जसेच्या तसे उतरते. मूळ डिस्क बिघडल्यास ती जोडून काम लगेच सुरू व्हावे, हा हेतू.

अशी एक डिस्क आमच्या कपाटात कित्येक महिने निर्धास्तपणे पडून होती. एका रविवारी आम्ही ती चालवून पाहिली. संगणक सुरूच झाला नाही! प्रत काढताना विंडोजचा मोठा भाग घेतला गेला होता. परंतु संगणकास प्रथम जागे करणारा छोटा ‘बूट’ भाग राहून गेला होता. चूक आमचीच होती. संपूर्ण डिस्कची प्रत नव्याने काढली.

आता दर तीन महिन्यांनी परीक्षा होते. प्रथम संगणक बंद करून मूळ डिस्क काढून ठेवतो. दोन्ही जोडलेल्या राहिल्या, तर संगणक मूळ डिस्कवरूनच सुरू होऊन खोटे समाधान देऊ शकतो. नेटवर्कची वायरही काढतो, अन्यथा परीक्षेच्या वेळी केलेल्या नोंदी राखीव डिस्कवरच जाऊन हिशेब दोन ठिकाणी फुटेल. मग केवळ राखीव डिस्क जोडून संगणक सुरू करतो. पडदा उजळला म्हणजे उत्तीर्ण, असे आम्ही मानत नाही. प्रत काढल्याच्या दिवसापर्यंतची काही बिले, केसपेपर व निधीची शिल्लक कागदी रजिस्टरशी ताडून पाहतो. ताळेबंद जुळल्यावरच तारीख घालून सही होते.

त्यानंतरच्या नोंदींचा बॅकअप रोज स्वतंत्रपणे घेतला जातो. राखीव डिस्क मात्र काढून दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने जिल्ह्याला शिकविलेला धडा आम्ही विसरलेलो नाही.

या कामास फार खर्च नाही. रविवारचे दोन तास लागतात. देणगीदारांनी दिलेला पैसा आणि रुग्णांनी विश्वासाने सांगितलेली माहिती जपण्यासाठी ते दोन तास आम्ही आनंदाने देतो.